आधी कसोटी, मगच कुपी : वाल्देमार हाफकिन

संगणकाच्या आज्ञावल्या तयार करणाऱ्या कंपन्यांत आज एक नियम कटाक्षाने पाळला जातो. अनेक हातांनी लिहिलेले काम एका मुख्य शाखेत एकत्र येते. तेथे ठरलेल्या सर्व चाचण्या यंत्राकरवी चालवल्या जातात. त्यांतील एकही चाचणी नापास झाली तर पुढचे दार बंद राहते. सर्व उत्तीर्ण झाल्या, तरच ते काम आपोआप ग्राहकांपर्यंत रवाना होते. हा नियम नव्या युगाचा वाटत असला, तरी त्याचा गाभा जुना आहे. संगणकाचा जन्मही झाला नव्हता त्या काळी, प्लेगने होरपळलेल्या मुंबईत, एका परदेशी शास्त्रज्ञाने हाच नियम लसीच्या कुप्यांना लावला होता. त्याच्या कसोटीची पहिली पायरी म्हणजे त्याचे स्वतःचे शरीर. पुढे एका कुपीने एकोणीस माणसांचा बळी घेतला तेव्हा संशयाचे बोटही त्याच्याकडेच वळले. परळच्या ज्या संस्थेला आज त्याचे नाव आहे, तिचा तो संस्थापक. त्याचे नाव वाल्देमार हाफकिन.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी, तेव्हाच्या रशियन साम्राज्यातील ओडेसा या बंदराच्या शहरात, एका ज्यू कुटुंबात झाला. ओडेसाच्या विद्यापीठात त्यांना इल्या मेचनिकोव्ह यांच्यासारखे गुरू लाभले. रोगप्रतिकारशक्तीच्या अभ्यासासाठी मेचनिकोव्ह यांना पुढे नोबेल पारितोषिक मिळाले. तो काळ ज्यूंवरील हल्ल्यांचा होता. तरुण हाफकिन आपल्या समाजाच्या संरक्षणदलात सामील झाले, जखमी झाले, त्यांना अटकही झाली. विद्यापीठात पुढे जायचे तर ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती धर्म स्वीकारावा लागणार होता, आणि ते त्यांनी नाकारले. १८८८ मध्ये त्यांनी मायदेश सोडला. काही काळ जिनिव्हात अध्यापनसाहाय्य केल्यावर ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आले. तेथेही प्रथम मिळाली ती ग्रंथपालाची जागा. दिवसभर पुस्तके सांभाळायची आणि उरल्या वेळात सूक्ष्मदर्शकाखाली जंतू न्याहाळायचे, असा त्यांचा क्रम होता.

त्या वर्षांत आशियातून युरोपात पसरलेली पटकीची साथ हजारोंचे प्राण घेत होती. हाफकिन यांनी पटकीच्या जंतूंपासून लस तयार केली. प्राण्यांवर ती यशस्वी ठरली. पण माणसाला ती सोसेल काय, हा प्रश्न उरला होता. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली. ताप आला, अंग दुखले, आणि काही दिवसांत ते पूर्ववत झाले. त्यानंतर त्यांच्या काही रशियन मित्रांनी ती टोचून घेतली, आणि मगच पॅरिसच्या विद्वत्सभेपुढे त्यांनी आपले निष्कर्ष मांडले. प्राणी, स्वतः, निकटचे मित्र आणि मग जनता हा क्रम त्यांनी पुढे आयुष्यभर मोडला नाही.

लस सुरक्षित आहे हे एवढ्याने सिद्ध झाले. ती उपयोगी आहे हे सिद्ध व्हायचे होते. त्यासाठी पटकीचे माहेरघर असलेल्या बंगालकडे त्यांचे लक्ष वळले. १८९३ च्या मार्चमध्ये ते कलकत्त्यास उतरले. पुढील वर्षी कलकत्त्याच्या काठलबागान या वस्तीत साथ उद्भवली. सुमारे दोनशे रहिवाशांपैकी ११६ जणांनी लस घेतली. एकच पाणी, एकच गटार, एकच हवा. फरक एवढाच, की काहींनी लस घेतली होती व काहींनी नाही. पुढे तेथे पटकीने जे आजारी पडले, ते सर्व लस न घेतलेल्यांपैकी होते. एकाच परिस्थितीत राहणाऱ्या दोन गटांची तुलना करावी, ही दृष्टी हाफकिन यांच्या कामाचा कणा ठरली. उत्तर भारतात व बंगालमध्ये त्यांनी हजारो लोकांना लस टोचली. या भटकंतीत त्यांना मलेरियाने गाठले आणि १८९५ मध्ये त्यांना विश्रांतीसाठी इंग्लंडला जावे लागले. प्रकृती पुरती सावरलेली नसतानाच ते परतले.

१८९६ च्या पावसाळ्याअखेर मुंबईच्या मांडवी भागात लोक अनोळखी तापाने मरू लागले. जांघेत व काखेत गाठी येत आणि रुग्ण दोन-चार दिवसांत दगावत. हा ग्रंथिक सन्निपात, म्हणजेच गाठीचा प्लेग आहे, हे निदान प्रथम निःसंदिग्धपणे केले ते एका गोमंतकीयाने. बार्देशातील हडफडे येथे जन्मलेले डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस मांडवीत वैद्यकी करीत होते. २३ सप्टेंबर १८९६ च्या त्यांच्या निदानाने शहर हादरले. अनेकांना ते पटेना, पण तपासणीअंती ते खरे ठरले. हाफकिन यांना सरकारने तातडीने मुंबईस पाठवले. ७ ऑक्टोबरला ते दाखल झाले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना लहानशी जागा, एक कारकून आणि तीन शिपाई मिळाले. एवढ्या सामग्रीवर त्यांनी प्लेगच्या लसीचे काम आरंभले.

लस बनवण्याची रीत समजून घेतली, की तिच्यातील कसोट्याही समजतात. मांसाच्या सत्त्वापासून केलेल्या पातळ रसात प्लेगचे जंतू वाढवले जात. या रसावर हाफकिन तुपाचे थेंब तरंगत ठेवत. त्या थेंबांना धरून जंतूंची वाढ खाली लोंबू लागे आणि चुनखडीच्या गुहेत छतापासून लोंबणाऱ्या सुळक्यांसारखी दिसे. ही लोंबती वाढ प्लेगच्या जंतूची खूण होती. भांड्यात तशी वाढ दिसली नाही, तर तेथे दुसराच जंतू शिरला आहे असा संशय घ्यायचा. वाढ पुरेशी झाल्यावर ते भांडे सुमारे ६५ अंश सेल्सिअसला तासभर तापवून जंतू मारले जात, आणि संरक्षणासाठी त्यात अल्प प्रमाणात कार्बोलिक आम्ल घातले जाई. तापवलेल्या द्रवाचा अंश पुन्हा ताज्या अन्नद्रव्यात पेरून पाहणे ही त्यापुढची कसोटी. काही उगवले, तर मारण्याचे काम अपुरे राहिले आहे किंवा बाहेरचे काही आत शिरले आहे. काहीच उगवले नाही, तरच तो घाणा कुप्यांत भरण्यास योग्य. मूळ वाढ शुद्ध नसेल, तर तिच्यातून भरलेल्या शेकडो कुप्याही शुद्ध नसतील, हे उघड होते. आजच्या भाषेत बोलायचे, तर मुख्य शाखाच बिघडली असेल तर तिच्यातून बाहेर जाणारी प्रत्येक प्रत बिघडलेलीच असणार.

डिसेंबरपर्यंत सशांवरील प्रयोग यशस्वी झाले. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लस स्वतःला टोचून घेतली. इतरांना पुढे जी मात्रा देण्यात आली, तिच्यापेक्षा ती बरीच मोठी होती. ताप चढला, टोचलेली जागा ठणकू लागली, तरी त्यांनी काम थांबवले नाही. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली. जे कैदी स्वेच्छेने पुढे आले त्यांना लस देण्यात आली, उरलेल्यांना नाही. दोन्ही गट एकाच छपराखाली, एकाच अन्नावर होते. ज्यांच्या अंगात रोग आधीच शिरला होता त्यांना लस वाचवू शकली नाही. मात्र त्यानंतरच्या दिवसांत लस घेतलेल्यांतील आजार व मृत्यू लस न घेतलेल्यांहून स्पष्टपणे कमी राहिले.

त्याच वर्षी साथ पोर्तुगीज अमलाखालील दमणला पोहोचली. गोवा आणि दमण तेव्हा एकाच राज्यकर्त्यांच्या छत्राखाली होते. ब्रिटिश मुलखात घरझडत्या, विलगीकरण छावण्या आणि सोजिरांची अरेरावी यांनी लोक संतापले होते. पुण्यात त्या संतापाचा स्फोट जून १८९७ मध्ये रँडच्या वधाने झाला. अशा वातावरणात टोचणी सक्तीची करणे हाफकिन यांना मान्य नव्हते. दमणच्या खालच्या भागात ८,२३० लोक राहत होते. त्यांपैकी २,१९७ जणांनी स्वेच्छेने लस घेतली आणि त्यांतले ३६ दगावले. लस न घेतलेल्या ६,०३३ जणांपैकी १,४८२ दगावले. एका बाजूला शंभरी दोनांहूनही कमी, तर दुसऱ्या बाजूला जवळपास चारांत एक, असा हा हिशेब होता.

आकडे बोलके होते, पण टीकेला जागा उरली होती. लस घेणारे लोक मुळातच अधिक सावध, अधिक सधन किंवा अधिक निरोगी असतील, असे कोणी म्हटले तर त्याला उत्तर काय? हे उत्तर शोधण्यासाठी १८९८ च्या फेब्रुवारीत हाफकिन यांनी बडोदे संस्थानातील उंधेरा हे प्लेगग्रस्त गाव निवडले. तेथे त्यांनी एकेका घरातील माणसे गणली आणि प्रत्येक घरातील सुमारे निम्म्यांना लस दिली. आता घर एक, चूल एक, दारिद्र्य एक. काही आठवड्यांनी पुन्हा घरोघर फिरून गणना झाली. लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले होते व ३ दगावले होते; लस न घेतलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले होते व त्यांतील २६ दगावले होते. उंधेराची ही चाचणी लसविज्ञानाच्या इतिहासात आजही आदराने सांगितली जाते.

यशाबरोबर मागणी वाढली. खोजा समाजाचे प्रमुख आगाखान तिसरे यांनी स्वतः लस घेऊन आपल्या अनुयायांपुढे उदाहरण ठेवले आणि प्रयोगशाळेसाठी आपली वास्तूही दिली. प्रयोगशाळा एका जागेतून दुसऱ्या जागेत हलत राहिली, आणि अखेर परळच्या जुन्या राजभवनात तिला कायमचे घर मिळाले. १० ऑगस्ट १८९९ रोजी गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. जेथे एके काळी मेजवान्या झडत, तेथे आता जंतूंची भांडी रांगेने मांडलेली होती. हाफकिन संचालक झाले. मात्र ते वैद्य नव्हते, ज्यू होते, रशियन होते आणि लष्करी वैद्यकसेवेच्या बाहेरचे होते. त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्या काही डॉक्टर अधिकाऱ्यांना हे रुचत नव्हते. अपघात घडला तेव्हा ही अढी महाग पडली.

१९०२ मध्ये प्लेगने पंजाबला वेढले. तेथील सरकारने लाखो लोकांना लस देण्याची योजना आखली आणि परळच्या प्रयोगशाळेवर मागणीचा डोंगर कोसळला. जुन्या रीतीने एवढी लस वेळेत होणे कठीण होते. तेव्हा हाफकिन यांनी उत्पादनाची रीत बदलली. जंतू आगरच्या थरावर वाढवून पाण्यात मिसळायचे आणि उष्णतेने मारायचे. कार्बोलिक आम्ल मात्र घालायचे नाही. पाश्चर संस्थेच्या अनुभवाचा आधार या बदलामागे होता आणि केवळ उष्णतेने जंतू मरतात हे प्रयोगांनी दिसले होते. तरीही रोजच्या वापरातील एक संरक्षक कडी त्यामुळे गळली. कुपी परळहून बाहेर पडल्यावर तिच्यात काही शिरलेच, तर त्याला आवर घालणारे आत काही उरले नव्हते.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या गावी पाच कुप्यांतून १०७ जणांना लस टोचण्यात आली. आठवडाभराने त्यांपैकी काहींचे जबडे आवळू लागले. तो धनुर्वात होता. एकामागून एक एकोणीस माणसे गेली. ती सर्व ५३-एन या एकाच कुपीतून लस घेतलेली होती. उरलेल्या चार कुप्यांतून लस घेतलेल्यांना काहीही झाले नाही. प्रत्येक कुपीला क्रमांक होता आणि कोणाला कोणत्या कुपीतून लस दिली याची नोंद होती, म्हणूनच हे कळू शकले. नोंद नसती, तर दोष संपूर्ण लसीवर गेला असता आणि नेमका कोठे शोध घ्यायचा हेही समजले नसते.

मुंबईचे सरन्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमण्यात आला. कुपी उघडण्यापूर्वीच दूषित झालेली होती, म्हणजेच दोष परळचा, असा निर्णय आयोगाने दिला. कार्बोलिक आम्ल वगळण्याचा निर्णय हाफकिन यांच्याविरुद्ध गेला. त्यांना पदावरून दूर करण्यात आले. ज्याने स्वतःच्या शरीरावर आधी चाचणी केली, त्याच्यावर चाचणीत हयगय केल्याचा ठपका बसला. ते लंडनला गेले आणि आपल्या निर्दोषत्वासाठी झगडू लागले.

या झगड्यात त्यांच्या मदतीला आले ते कागद आणि जीवाणूशास्त्र. साक्षींमध्ये एक बाब नोंदलेली होती. मुलकोवालला ती कुपी उघडताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि पुरेशा निर्जंतुकीकरणाविना तो पुन्हा वापरला गेला होता. धनुर्वाताचे बीजाणू मातीत असतात, हे सर्वज्ञात आहे. दुसरी बाब वासाची. कुपी उघडली तेव्हा डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे हुंगून पाहिली होती, आणि तिला कोणताही वाईट वास नव्हता. धनुर्वाताचे जंतू त्यात कित्येक आठवडे वाढत असते, तर दुर्गंधी लपली नसती. तिसरी बाब वेळेची. लक्षणे दिसायला आठवडा लागला. कुपीत विष आधीच साचलेले असते, तर ती त्याहून लवकर दिसली असती. या सर्व गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवत होत्या : कुपी परळहून निर्दोष निघाली होती, आणि घाण शिरली ती अखेरच्या टप्प्यावर, गावात, कुपी उघडतानाच्या क्षणी.

लंडनच्या लिस्टर संस्थेच्या तज्ज्ञांनी प्रकरण पुन्हा तपासले आणि आयोगाचा निष्कर्ष टिकणारा नाही असे दिसून आले. मलेरियाचे कोडे उलगडणारे नोबेल विजेते सर रोनाल्ड रॉस उघडपणे हाफकिन यांच्या बाजूने उभे राहिले. जुलै १९०७ मध्ये दहा नामवंत शास्त्रज्ञांच्या सहीचे पत्र लंडनच्या टाइम्समध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस सरकारने त्यांना दोषमुक्त केले. पाच वर्षे उलटली होती. या पाच वर्षांत प्लेग थांबला नव्हता. लसीवरचा लोकांचा विश्वास मात्र डळमळला होता, आणि त्याची किंमत किती प्राणांनी मोजली असेल, याचा हिशेब कोणत्याच वहीत नाही.

हाफकिन भारतात परतले, पण परळला नव्हे. त्यांना कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत नेमण्यात आले. तेथे लसनिर्मितीची सोय नव्हती आणि त्यांच्या नव्या प्रयोगांना वाव मिळाला नाही. वयाची पंचावन्न वर्षे होताच ते निवृत्त होऊन युरोपला गेले. उत्तरायुष्यात ते आपल्या धर्माकडे अधिक ओढले गेले. ज्यू धर्मशिक्षणाच्या संस्थांना आधार देण्यासाठी त्यांनी स्वित्झर्लंडमध्ये निधी स्थापन केला. ते अविवाहितच राहिले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी लोझान येथे त्यांचे निधन झाले. त्याआधी, १९२५ मध्ये, परळच्या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले होते. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईतून त्यांच्या प्लेगविरोधी लसीच्या २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर गेल्या.

हाफकिन यांच्या आयुष्यात यश आणि आघात, दोन्हींचा धडा एकाच नियमात गुंफलेला आहे. कसोटी उत्तीर्ण झाल्याशिवाय काहीही बाहेर जाऊ द्यायचे नाही, ही त्या नियमाची पहिली बाजू. तिच्यामुळे दमणचे, उंधेराचे आणि पुढे लक्षावधींचे प्राण वाचले. मुलकोवालने दुसरी बाजू दाखवली. प्रयोगशाळेच्या दारात उत्तीर्ण झालेली वस्तू अखेरच्या हातापर्यंत तशीच पोहोचेल, याची हमी दारातली चाचणी देत नाही. मागणीचा रेटा वाढला म्हणून एखादे संरक्षण वगळले गेले, की ते वगळलेले संरक्षण नेमके हवे असते त्या दिवशीच आठवते.

पणजी वा पर्वरीच्या एखाद्या कार्यालयात आज्ञावली लिहिणाऱ्या तरुणांना ही गोष्ट परकी वाटणार नाही. मुख्य शाखेवरील सर्व चाचण्या हिरव्या झाल्यावरच यंत्राने काम पुढे पाठवावे, हे त्यांना शिकवले जाते. त्याच्या जोडीला आणखी दोन गोष्टी असाव्या लागतात. पाठवलेल्या प्रत्येक प्रतीला क्रमांक आणि नोंद हवी, म्हणजे बिघाड कोणत्या कुपीत आहे ते शोधता येते आणि उरलेल्या चार कुप्या फेकाव्या लागत नाहीत. आणि जेथे ती प्रत प्रत्यक्ष उघडली जाते, त्या अखेरच्या जागेचीही कसोटी हवी. रुग्णालयाची नोंदणी, बँकेचा व्यवहार, रेल्वेचे तिकीट अशा गोष्टी आज याच आज्ञावल्यांवर चालतात, आणि त्यांतल्या चुकीचा भार अनोळखी माणसांनाच सोसावा लागतो.

परळच्या त्या जुन्या राजभवनाच्या वास्तूत आजही हाफकिन संस्था आहे. मुंबईत धोबीतलावाजवळ मेट्रो चित्रपटगृहापाशी हडफड्याच्या डॉ. व्हिएगस यांचा पुतळा उभा आहे. एकाने रोग ओळखला, दुसऱ्याने त्यावर लस दिली. आपण पाहिले त्याची खात्री पटेपर्यंत दोघेही थांबले, आणि खात्री पटल्यावर लोक रागावतील म्हणून गप्प बसले नाहीत.